रमजानातला रस्ता

आमच्या शाळेत दर मार्चमध्ये शिक्षकांना एकच प्रश्न विचारतात. शाळेचं घर हवं की घरभाड्याचा भत्ता? उत्तर एकदा दिलं की वर्षभर बदलता येत नाही.

शाळेचं घर म्हणजे दुबईत, अल कुसैसमध्ये, शाळेच्या मागच्या फाटकासमोरची चार मजली इमारत. एका खोलीत दोघी, स्वयंपाकघर सामाईक, आणि घंटेला दहा मिनिटं असताना चप्पल पायात सरकवली तरी वेळेवर पोचता येतं. अट एकच, कुटुंब आणायचं नाही. भत्ता घेतला तर कुणालाही आणा, पण त्या भत्त्यात दुबईत अख्खं घर मिळत नाही. म्हणून भत्ता घेणारे शारजात नाही तर त्याच्याही पलीकडे अजमानला राहतात आणि रोज पहाटे दुबईकडे निघतात.

मी अजमानची. माझे यजमान दिवाकरन तिथल्याच एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळतात, त्यामुळे आम्हाला निवडण्यासारखं फारसं काही नव्हतंच. मी भौतिकशास्त्र शिकवते आणि अजमानहून येणाऱ्या शाळेच्या बसची जबाबदारी माझ्याकडे आहे. मुलांची हजेरी घ्यायची, भांडणं सोडवायची, कुणाला मळमळलं तर पिशवी पुढे करायची. त्याच्या बदल्यात बसमध्ये खिडकीजवळची जागा.

लिंटा शाळेच्या घरात राहायची. आमच्याच कोट्टयम जिल्ह्यातली, पालाजवळची. अकरावी-बारावीला गणित शिकवायची आणि फार चांगलं शिकवायची. तिच्या तासाला वर्गाबाहेरून जाताना मीही कधी कधी थांबायचे. तिचा नवरा जोमी मालवाहू जहाजावर होता, वर्षातून दोनदा घरी येणारा. मुलगी ऐरीन पालाला आजीकडे. लिंटा आली तेव्हा ऐरीन पाच वर्षांची होती. पहिले काही महिने ती फोनवर रडायची. मग रडणं थांबलं आणि लिंटाला बरं वाटलं. मग ती फोनवर येईनाशीच झाली. "चित्र काढतेय", "मांजराला दूध घालतेय", असं आजी सांगायची. मागून ऐरीनचा आवाज यायचा, "नंतर बोलते म्हणावं."

त्या वर्षी मार्च आला तेव्हा लिंटाने ठरवलं होतं, ऐरीनला इकडे आणायचं. आमच्याच शाळेत पहिलीत घालायचं. मुलीचा व्हिसा काढायचा तर घराचा करार स्वतःच्या नावावर लागतो, म्हणजे शाळेचं घर सोडून भत्ता घेणं आलं.

ही गोष्ट शिक्षकांच्या खोलीत फुटली आणि सगळे तिच्या मागे लागले.

"भत्ता? वेडी आहेस का गं तू?" हिंदीच्या सरसम्मा टीचर म्हणाल्या. त्या शाळेच्या घरात अठरा वर्षं होत्या. "मी इडली वाफवायला ठेवते, आंघोळ करून येते, गरम गरम खाते आणि मग शाळेत येते. या पद्मजाला विचार, गरम इडली शेवटची कधी खाल्ली."

"शनिवारी," मी म्हणाले.

"बघ! हिची इडली साप्ताहिक आहे."

संगणकाचे सजीवन सर शारजाहून यायचे. ते चहा ढवळत म्हणाले, "शारजाला तर अजिबात येऊ नकोस, लिंटा. तुला सांगतो, फार त्रास आहे. शिवाय माझी गाडी लावायची जागा जाईल."

"मला गाडी कुठे येते चालवायला, सर?"

"मग ये, ये. स्वागत आहे."

सगळे हसले. हसणं ओसरल्यावर लिंटाने विचारलं, "सरसम्मा टीचर, तुमची मुलं कुणाकडे वाढली?"

"माझ्या आईकडे. चांगली वाढली हं. एक डॉक्टर झाला, एक कॅनडात आहे."

"येतात इकडे?"

"फोन करतात ना," सरसम्मा टीचर म्हणाल्या आणि वह्यांचा गठ्ठा ओढून तपासायला लागल्या.

लिंटा दुपारी माझ्या प्रयोगशाळेत आली. मी तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठी, म्हणून ती मला चेची, म्हणजे ताई, म्हणायची. "चेची, सगळे नुसतं बोलतात. मी वर्षभर फाटकासमोर राहिले, मला रस्ता माहीतच नाही. तुमच्याकडे येऊन राहू का चार दिवस? तुमच्याच बसने येते-जाते. माझं मी बघते."

नाही म्हणायचं काही कारण नव्हतं. ती एका पिशवीत कपडे भरून अजमानला आली. रमजान सुरू होऊन आठवडा झाला होता.

रमजानात शाळा नऊला भरते आणि दीडला सुटते. कचेऱ्याही उशिरा उघडतात, त्यातही सगळ्या एका वेळी नाहीत. रात्री उशिरापर्यंत जागलेलं शहर सकाळी पडदे ओढून झोपलेलं असतं. बरीच मुलं त्या महिन्यात बसने येत नाहीत, त्यांना घरचेच सोडतात. आमच्या बसचे ड्रायव्हर गुलरेझभाई पेशावरकडचे. रोजे धरलेले असायचे, त्यामुळे एरवीची बडबडही नसायची. अर्धी रिकामी बस आठच्या सुमारास निघायची आणि अर्ध्या तासात कुसैसला पोचायची. लिंटा खिडकीशी बसून घड्याळ बघायची. परतताना तर ती डबा उघडायच्या आत अजमान आलं.

तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. "चेची, याचीच एवढी भीती घालत होता होय तुम्ही सगळे?"

"हा रमजानातला रस्ता आहे, लिंटा. याच्यावरून काही ठरवू नकोस."

"तीन दिवस बघितलं मी."

"तिन्ही दिवस रमजानातलेच. एखाद्या मुलाने अशी तीन निरीक्षणं आणून दिली तर तू काय म्हणशील?"

"म्हणेन, वा, तिन्ही जुळतायत," ती हसली. "असं बघा, रस्ता तोच, बस तीच. एरवी दीडपट वेळ लागेल. दीडपट मला चालतं. दुप्पटसुद्धा चालेल."

दिवाकरन वर्तमानपत्रामागून म्हणाले, "दुप्पट म्हणजे तू फारच उदार झालीस."

"तुम्हालाही मी इथे यायला नकोय का, अंकल?"

"मला तू वरच्या मजल्यावर आलेली हवी आहेस. रविवारी बुद्धिबळ खेळायला कुणीतरी मिळेल. पण हिचं ऐक जरा."

तिला थांबून बघायला वेळ नव्हता, हेही खरं. उत्तर त्याच आठवड्यात द्यायचं होतं, आणि रमजान संपायला अजून बराच अवकाश होता. शिवाय आदल्या रात्री ऐरीनने फोनवर तिला विचारलं होतं, "तू आजीची कोण?" म्हणजे आजीची मुलगी ना, असं तिला समजून घ्यायचं होतं, प्रश्न साधाच होता. पण लिंटाने तो मला दोनदा सांगितला. ज्या बाईचं उत्तर आधीच ठरलेलं असतं तिला तीन निरीक्षणं पुरतात. मी एकदा सांगितलं होतं, पुन्हा सांगितलं नाही.

तिने भत्ता मागितला. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि बैठकीची जागा असलेलं घर रिकामं होतं, ते तिने वर्षाच्या कराराने घेतलं. ईदच्या सुटीत एक सूटकेस आणि प्रेशर कुकर घेऊन ती राहायला आली. दिवाकरननी पडद्याचे दांडे लावून दिले. ऐरीनसाठी तिने छोटा पलंग आणला, त्याला गुलाबी कठडा होता. तो जोडायला आम्हाला तिघांना एक अख्खी संध्याकाळ लागली, कारण सोबतच्या चित्रात एक स्क्रू जास्त दाखवला होता. व्हिसाची तयारी सुरू झाली. मे महिन्यात आजी तिला घेऊन येणार असं ठरलं.

एप्रिलमध्ये नवं वर्ष सुरू झालं आणि शाळा पुन्हा सात वीसला भरू लागली.

पहिल्या दिवशी आम्ही दोघी खाली उतरलो तेव्हा पाच वाजून गेले होते आणि अंधार होता. आमचा थांबा पहिला. बस अजमानभर फिरली, मग शारजात शिरली. प्रत्येक इमारतीखाली थांबून एकेक दोन-दोन मुलं घेत ती मोठ्या रस्त्याला लागली तेव्हा पुढे नजर पोचेपर्यंत लाल दिवे होते. गाड्या चालत होत्या म्हणण्यापेक्षा सरकत होत्या. शाळेच्या फाटकात पोचलो तेव्हा सात वाजायला आले होते.

"आज कुठेतरी अपघात झाला असेल," लिंटा म्हणाली.

गुलरेझभाईंनी आरशातून पाहिलं. "कुठे, मॅडम? आज तर रस्ता मस्त होता. पहिला दिवस आहे, अर्धे लोक अजून गावाहून आलेच नाहीत."

परत येताना आधी कुसैसमधून बाहेर पडायला वेळ लागला, मग शारजाची मुलं उतरवण्यात. आम्ही घरी आलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते.

लिंटाने तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, दुसऱ्या आठवड्यातही नाही. मानेखाली घ्यायची उशी आणली. बसमध्ये वह्या तपासायचा प्रयत्न केला, पण तिला मळमळायला लागलं. मग तिने मला हजेरीला मदत करायला सुरुवात केली. तिच्या शेजारी फिदा बसायची, पहिलीतली, नुकतीच शाळा बदलून आलेली. फिदाला तिचे वडील खांद्यावर टाकून थांब्यावर आणत, झोपलेलीच. मोजे घातलेले असत, बूट वडिलांच्या हातात. लिंटा तिला मांडीवर घेऊन बूट चढवायची. शारजा मागे पडायच्या सुमारास फिदा जागी होऊन विचारायची, "पोचलो?" आणि पुन्हा झोपायची. अंड्याचं सँडविच ती अर्धं खायची. उरलेलं अर्धं परतताना तसंच डब्यात असायचं.

एके दुपारी बसमधली मदतनीस बाई आली नव्हती. फिदाचं घर आमच्या अलीकडचा थांबा. तिला हाक मारली, हलवलं, ती उठेना. शेवटी लिंटा तिला उचलून वर घेऊन गेली आणि मी तिचं दप्तर घेऊन मागोमाग.

दार उघडणाऱ्या तिच्या आईने दोन्ही हात पुढे केले. "उठवू नका, टीचर. असू द्या. सातला उठेल आपोआप."

"आणि मग?" लिंटाने विचारलं.

"मग जेवेल, गृहपाठ करेल, पुन्हा झोपेल."

"खेळते कधी?"

"शुक्रवारी लवकर सुटते ना शाळा," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात गाऱ्हाणं नव्हतं. बाहेर किती वाजले असं सांगावं तसं तिने सांगितलं. "आत या ना, चहा घेऊन जा."

आम्ही चहा घेतला नाही. तिथून आमची इमारत जवळ होती, गुलरेझभाईंना पुढे जायला सांगून चालत निघालो.  सिग्नलपाशी थांबल्यावर लिंटा म्हणाली, "मला जमेल, चेची. मी करेन. मी वर्षभर करेन, तक्रार न करता करेन. पण ऐरीनही पहिलीतच आहे."

संध्याकाळी ती खाली आमच्याकडे आली. मी कडलाची, म्हणजे काळ्या हरभऱ्याची, आमटी करत होते. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि दिवाकरन जेवणाच्या टेबलाशी लसूण सोलत बसले होते.

"अम्मच्चीला फोनवर सगळं सांगितलं," ती आपल्या आईबद्दल म्हणाली. "ती म्हणाली, बरं झालं आधी कळलं ते. पोरगी इथे सुखात आहे, मोठी होऊ दे, मग ने. पाचवीत ने, म्हणाली."

"आणि तू काय म्हणालीस?"

"काही नाही. तिकीट रद्द करायला किती दिवस आधी सांगावं लागतं, ते बघत होते."

मी गॅस बारीक केला. "शाळेच्या घरात परत?"

"माझी जागा नव्या आलेल्या एकीला दिली. आणि तिथे ऐरीन चालत नाहीच."

"हे घर सोडून कुसैसला घ्यायचं?"

"करार वर्षाचा आहे. आणि कुसैसला मला काय परवडणार, जिन्याखालची जागा?"

"ऐरीनला इथल्याच शाळेत घातलं तर?" दिवाकरननी विचारलं. "अजमानला शाळा आहेत की. पलीकडच्या गल्लीतच एक आहे. रजेच्या दिवशी सकाळी बघतो ना, पोरं रमतगमत चाललेली असतात."

"मी पाचला घरातून बाहेर, अंकल. चेची माझ्याबरोबर. तुम्ही सहाला निघता. तिने काय एकटीने उठून, वेणी घालून, कुलूप लावून जायचं? सहा वर्षांची आहे."

 मी आमटीत मीठ घातलं. विद्यार्थ्यांना मी एक सवय लावते, गणित अडलं की बदलत नाही ते आधी बाजूला काढायचं. ते मी मोठ्याने म्हटलं नसतं, कारण समोर उभ्या असलेल्या माणसाच्या आयुष्याला ते लावणं मला नेहमी उद्धटपणाचं वाटत आलंय. पण लिंटा गणिताची. ती बोटं मोडत स्वतःशीच म्हणाली, "घर हलत नाही. रस्ता हलत नाही. शाळेची वेळ हलत नाही." मग थांबली. "म्हणजे हलण्यासारखी मीच आहे."

"म्हणजे?"

"त्या पलीकडच्या गल्लीतल्या शाळेला गणिताची टीचर लागते का, चेची?"

दिवाकरन लसूण सोलायचे थांबले. "लोक नोकरी बघून घर घेतात, मुली."

"मी घर घेऊन बसलेय, अंकल. आता घर बघून नोकरी शोधते."

शाळा लहान होती, आठवीपर्यंतच. जागा होती ती तिसरी-चौथीच्या गणिताची. ऑगस्टच्या शेवटापासून. पगार आमच्यापेक्षा कमी, हे सांगायलाच नको. लिंटाने एक दिवस रजा टाकून तिथे नमुना पाठ घेतला आणि संध्याकाळी मी बसमधून उतरले तर ती खालीच उभी होती.

"मुख्याध्यापिकांनी मला सरळ विचारलं, दुबईची मोठी शाळा सोडून इकडे कशाला? तिथे काही भानगड केलीस का?"

"मग तू?"

"म्हटलं, नाही मॅडम, माझं घर इथे आहे. त्यांना पटेना. म्हणाल्या, इथली माणसं तिकडे जातात, तिकडून इकडे आलेलं मी अजून कुणी पाहिलं नाही. मग मी फिदाचं सांगितलं. नाव न घेता. मग काही विचारलं नाही."

"आणि पाठ?"

"अपूर्णांक. खुबूसची रोटी घेऊन गेले होते. अर्धी केली, मग अर्ध्याची अर्धी. मागच्या बाकावरची एक पोरगी उठली, म्हणाली, मिस, असंच अर्धं करत राहिलं तर शेवटी काय उरेल?" लिंटा हसत होती, पण तिचे डोळे माझ्याकडे नव्हते. "तिसरीतली, चेची! हेच मी अकरावीला शिकवायला दोन महिने घेते."

"मग काय सांगितलंस?"

"घंटा झाली."

आम्ही जिना चढलो. आमच्या मजल्यावर ती थांबली. "अकरावीचा वर्ग मला सोडवत नाहीये," ती म्हणाली. "हे कुणाला सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका."

राजीनामा द्यायचा म्हणजे सुटीच्या दोन महिने आधी. ती आमच्या मुख्याध्यापकांकडे गेली तेव्हा मी प्रयोगशाळेत सोडियमचे दिवे तपासत होते. सर भले गृहस्थ होते. अर्ध्या तासाने लिंटा आली आणि पाण्याची अर्धी बाटली उभ्याने प्यायली.

"सर म्हणाले, थांब. बारावीचा निकाल तुझ्यामुळे आहे. पुढच्या वर्षी कुटुंबांसाठी काही घरं घ्यायचा विचार चालू आहे, त्यात पहिलं नाव तुझं."

"नक्की आहे म्हणाले?"

"तेच विचारलं मी. म्हणाले, विचार नक्की आहे." ती स्टुलावर बसली. "लिहून द्याल का विचारलं, तर हसले. म्हणाले, ज्या गोष्टी माझ्या हातात नाहीत त्या लिहून देत नाही मी. खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, चेची. रागावून राजीनामा दिला असता. थांबू का एक वर्ष?"

मी दिवा बंद केला. तिला काय सांगावं हे मला कळत होतं, आणि ते मी सांगू नये हेही कळत होतं. "हे मी नाही सांगणार."

"सांगा ना."

"नाही. मी सांगितलं तर उद्या ऐरीन रुसली की तू मला आठवशील, आणि अकरावीचा वर्ग आठवला तरी मलाच."

ती खिडकीपाशी गेली. खाली पटांगणात दहावीची मुलं उन्हात उगीचच धावत होती. एका मुलाने तिला पाहून हात केला, तिनेही केला.  मग तिने पर्समधून राजीनाम्याचं पाकीट काढलं. ते तिने सरांना दिलेलंच नव्हतं. "तास सुरू व्हायच्या आत देऊन येते," ती म्हणाली. "एकदा वर्गात गेले की माझ्याने द्यायचं नाही."

शिक्षकांच्या खोलीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. "तिसरीला पाढे म्हणून घेणार आता," कुणीतरी म्हणालं. सजीवन सर म्हणाले, "पायी शाळेत जाणारी अमिरातीतली ही एकमेव शिक्षिका. हिचं चित्र काढून लावलं पाहिजे." जूनअखेर, तिच्या शेवटच्या दिवशी, सरसम्मा टीचर पहिल्या तासाच्या आधी झाकणाचा डबा घेऊन आल्या, फाटक ओलांडून, तशाच वाफाळत्या इडल्या. लिंटासमोर ठेवून म्हणाल्या, "अजूनही म्हणते, वेडीच आहेस. गरम आहेत तोवर खा." ती खात असताना त्या समोर बसून राहिल्या आणि ती नको नको म्हणत असताना चटणी वाढत राहिल्या.

आजी आणि ऐरीन ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आल्या. विमानतळावर आम्ही दोघंही गेलो होतो. ऐरीन आजीच्या साडीचा पदर धरून तिच्या मागे उभी होती आणि लिंटा खाली बसून हात पसरून राहिली होती. ऐरीन पुढे आली नाही. लिंटाने हात आवरते घेतले, तिची छोटी पाठपिशवी उचलली आणि म्हणाली, "चल, गाडी तिकडे आहे."

घरी ऐरीनने पलंग बघितला, कठड्यावरून हात फिरवला. "आजी कुठे झोपणार?" तिने विचारलं. आजीला. पुढचे काही दिवस तिचं सगळं बोलणं आजीमार्फतच चालायचं. लिंटा समोर बसलेली असताना ती म्हणायची, "अम्मच्ची, तिला सांग, मला दूध नको." आणि आजी बिचारी लिंटाकडे वळून म्हणायची, "दूध नको म्हणतेय." लिंटा म्हणायची, "बरं." आजी ओणमपर्यंत राहणार होती. त्यानंतर काय, हे मी विचारलं नाही. लिंटाही बोलली नाही; पण रोज संध्याकाळी पत्ते खेळायला खाली यायची ती यायची बंद झाली.

शाळा उघडली त्या दिवशी आमच्या बसला नेहमीपेक्षा उशीर होत होता. सुटीवरून सगळं शहर एकदम परतलं होतं. शारजाच्या पुढे आम्ही थांबलो ते थांबलोच. बाहेर उजाडलं होतं. मी हजेरी पुरी केली आणि लिंटाला फोन लावला. तिचाही पहिला दिवस होता. तिच्या शाळेची वेळ साडेसातची, आणि ऐरीनही त्याच शाळेत.

"पोचलात का?"

"कुठे, चेची? अजून निघालोच नाही." मागे काहीतरी पडल्याचा आवाज आला, मग आजीचा, मग हसण्याचा. "तुम्ही कुठे आहात?"

"उभी आहे. तुझं काय चाललंय?"

"वेणी घालतेय. म्हणजे घातली होती. बाईसाहेब म्हणाल्या, तुला येत नाही, आजी चांगली घालते."  लिंटाच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं आणि ती ते लपवायचा प्रयत्न करत नव्हती. "मला म्हणाली, चेची. थेट मला. आजी मध्ये नव्हती."

"मग?"

"मग काय, सोडली, पुन्हा घातली. म्हणाली, वाकडी आहे. पुन्हा सोडलीय. तिसऱ्यांदा चाललंय. आता म्हणते, नीट घालेपर्यंत शाळेत येणार नाही."

"उशीर नाही व्हायचा?"

"छे. पलीकडच्या गल्लीत तर जायचंय. वेळ आहे आमच्याकडे," ती म्हणाली, आणि मग फोनपासून दूर, दुसऱ्या कुणाला तरी, "हलू नकोस गं, भांग वाकडा होईल."

बस हातभर पुढे सरकली आणि पुन्हा थांबली. मी "ठेवते" असं हळूच म्हणाले, कारण माझ्या आजूबाजूला सगळी मुलं झोपली होती.